ध्वनिसंपादनातील अंकचौकटी व रंगविरोध

‘दिन’ आणि ‘दीन’ या शब्दांच्या लेखनात ऱ्हस्वदीर्घाचा भेद आहे. उच्चारात तो कितपत टिकतो हे ठरवावयाचे तर स्वराचा काल मिलिसेकंदांत मोजावा लागतो. ‘ऑडॅसिटी’सारख्या संगणकीय साधनात ध्वनीचा विवक्षित खंड निवडताना त्याच्या आरंभाचा व शेवटाचा क्षण अंकचौकटींत लिहिता येतो. चौकट नीट न दिसल्यामुळे अंक भलत्याच जागी पडला, तर मापन बिघडते आणि पुढील अनुमानही त्या चुकीवरच उभे राहते. म्हणून चौकटीची दृश्यता हा केवळ सजावटीचा प्रश्न नव्हे.

रंगविरोध मोजण्याची रीत सोपी आहे. काळ्या रंगाचे सापेक्ष तेज ० व पांढऱ्याचे १ मानतात. लगतच्या दोन रंगांच्या तेजांत प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्या संख्येस लहान संख्येने भागले की विरोधाचे गुणोत्तर मिळते. काळ्या-पांढऱ्याचे गुणोत्तर २१ येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेब कन्टेन्ट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’च्या २.१ या आवृत्तीत सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५, तर चौकट ओळखण्यास आवश्यक अशा रेषांसाठी किमान ३ हे प्रमाण सांगितले आहे. ही सूत्रे मुळात संकेतस्थळांसाठी रचलेली आहेत. परंतु पाहणारा डोळा तोच असल्याने ध्वनिसाधनांनाही ही कसोटी लावता येते.

समजा, गडद पटाचे तेज ०.०१६ व त्यावरील चौकटीचे ०.०३३ आहे. त्यांचे गुणोत्तर जेमतेम १.२६ भरते. चौकटीतील पांढऱ्या अंकांचे गुणोत्तर मात्र १२ हून अधिक येते. अंक स्पष्ट वाचता येतात. पण ते बदलता येतात, हे कळत नाही. वाचनीयता आणि ओळख या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. चौकटीस ०.२० तेजाची कडा दिली, तर पटाशी सुमारे ३.८ व चौकटीच्या अंतर्भागाशी ३ असे गुणोत्तर साधते. संपूर्ण पट उजळण्याची आवश्यकता राहत नाही.

टंकलेला अंक ज्या चौकटीत उमटणार, तिची खूणही अशीच ठळक हवी. ती केवळ तांबड्या-हिरव्या रंगभेदाने दाखविली, तर रंगांधास तिचा उपयोग नाही. जाड कडेने दाखविली, तर सर्वांस कळते. ‘ऑडॅसिटी’च्या २०१७ सालच्या २.२.० आवृत्तीत फिकट व गडद रंगयोजनांबरोबर तीव्र रंगविरोधाची स्वतंत्र योजना आली. तथापि, अशी योजना निवडण्यापूर्वीच मूळ योजनेतील चौकट दिसावी, हे अधिक इष्ट होय.