नित्य वाचनाचा आधार विश्वासाला

जळगाव : नव्या वर्षाचा संकल्प करून पहाटे मेहरूण तलावावर फिरायला निघणारे पुष्कळ असतात, वर्षभर टिकणारे थोडे. ख्रिस्ती कुटुंबांत जानेवारीत सुरू होणाऱ्या बायबल वाचनाची गतही अनेकदा अशीच होते. उत्पत्ती व निर्गम या पुस्तकांतील कथा भराभर वाचून होतात. पुढे लेवीय पुस्तकातील यज्ञविधींचे नियम येतात, एखादा दिवस चुकतो, अध्याय साठत जातात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. मागे उरते ती टोचणी : आपला देवावरचा विश्वासच उणा पडला काय?

बहुतेक वेळा उणी पडते ती आखणी. प्रॉटेस्टंट परंपरेतील बायबलमध्ये ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत. ते वर्षभरात संपवायचे तर रोज तीन ते चार अध्याय वाचावे लागतात. नवख्या वाचकाला हा भार जड जातो. नव्या कराराचे अध्याय मात्र २६० आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक अध्याय वाचला, तरी ५२ आठवड्यांत तो पूर्ण होतो. शिवाय दोन दिवस राहून गेलेल्या वाचनासाठी मोकळे मिळतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीच्या नित्य वाचनाची परंपरा जपणाऱ्या खानदेशाला ही रीत परकी नाही.

आधी वाचन, मग विश्वास

विश्वास दृढ झाल्यावर वाचू, असे म्हणणाऱ्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण पाहावे. धरणगावचे बालकवी ठोंबरे ज्यांच्या घरी मुलासारखे राहिले, तेच हे टिळक. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या वेळी टिळक ख्रिस्ती नव्हते. केवळ दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी वाचन सुरू केले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते त्यात गुंतून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत वाचन आधी आले, विश्वास मागून.

समजेल तेच टिकेल

सवय मोडण्याचे दुसरे कारण म्हणजे भाषा. पंडिता रमाबाईंनी ही अडचण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ओळखली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, नुकत्याच साक्षर झालेल्या स्त्रियांना प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी कळत नसे. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सुमारे १८ वर्षे सोप्या मराठीत भाषांतर केले. छपाईचे कामही मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले.

देवावर भरवसा ठेवणे म्हणजे दुःख टळेल अशी हमी नव्हे, हेही रमाबाईंच्या आयुष्यावरून दिसते. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पती निवर्तले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा हिचेही निधन झाले. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तयार ग्रंथ त्यांना पाहता आला नाही.

चुकलेल्या दिवसाचे काय?

बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी अनेक स्तोत्रांत स्तुतीऐवजी तक्रार आहे, आक्रोश आहे. त्यामुळे मन थाऱ्यावर नसलेल्या दिवशी वाचन टाळण्यापेक्षा यातील एखादे स्तोत्र वाचणे सोयीचे ठरते. निर्गम पुस्तकात अरण्यातील इस्राएली लोकांना मान्ना हे अन्न त्या त्या दिवसापुरतेच मिळत असे. शब्बाथासाठीचे सोडले, तर उद्यासाठी साठवलेले नासून जाई. नित्य वाचनालाही तोच न्याय लावता येतो. आठवडाभर खंड पडला, तर साठलेले सारे अध्याय एका रात्रीत उरकण्याचा अट्टहास नको. आजचा अध्याय आज वाचावा आणि उद्याचा उद्या. ग्रंथ मात्र कपाटात न ठेवता हाताशी, डोळ्यांसमोर ठेवावा.