विश्लेषण : ऐन निकालाच्या दिवशी संकेतस्थळ का कोलमडते? सर्व्हरच्या मेमरीचे गणित काय?

निकालाची वेळ झाली की हजारो विद्यार्थी एकाच मिनिटाला मोबाइलवर तेच पान उघडतात. पान उघडले नाही की ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच कानावर येते. त्यामागे अनेक कारणे असू शकतात. मात्र त्यातले एक आधीच कागदावर मांडून पाहता येते, ते म्हणजे मेमरी.

नेमके होते काय?

‘अपाचे’ या वेब सर्व्हरच्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस राबते. तिच्यात पीएचपी बसवलेले असेल, तर साधा लोगो पाठवणारी प्रोसेसही पीएचपीचे ओझे वाहते. काम झाल्यावरही ‘कीप-अलाइव्ह’मुळे ती मूळ सेटिंगनुसार 5 सेकंद पुढच्या मागणीची वाट पाहत अडकून राहते.

समजा, रॅम 4 जीबी आहे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेससाठी 1 जीबी बाजूला काढली. उरलेल्या 3 जीबीत 60 एमबीची एक, अशा साधारण 50 प्रोसेस मावतात. प्रीफोर्कची मूळ मर्यादा मात्र 256! तेवढ्या प्रोसेस उभ्या राहिल्या तर 15 जीबी रॅम लागेल. रॅम संपली की लिनक्स डिस्कवरच्या ‘स्वॅप’चा आधार घेते आणि सगळेच रखडते. तेही पुरले नाही, तर ‘ओओएम किलर’ सहसा सर्वाधिक मेमरी खाणारी प्रोसेस बंद करतो. अनेकदा ती डेटाबेसचीच असते. म्हणजे वेब सर्व्हर जिवंत, पण निकाल गायब.

मर्यादा कमी केली तर?

‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ 50 वर आणली तर एक्कावन्नावा विद्यार्थी रांगेत थांबेल. ते सगळ्यांनाच पान न दिसण्यापेक्षा नक्कीच बरे.

मोजमाप करताना मात्र फसगत होते. ‘पीएस’ कमांडमधला ‘आरएसएस’चा आकडा प्रोसेसमधली सामायिक मेमरीही प्रत्येकीच्या नावावर मांडतो, त्यामुळे बेरीज फुगते. ‘पीएसएस’ हा आकडा ती मेमरी वाटून दाखवतो. ‘फ्री’ कमांडमध्येही ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नये, ‘अव्हेलेबल’ पाहावा.

पर्याय कोणते?

अपाचेची ‘इव्हेंट’ पद्धत आणि वेगळे चालणारे पीएचपी-एफपीएम ही जोडी घेतली, तर लोगोसाठी पीएचपी अडकत नाही. 2004 मध्ये खुला झालेला ‘एनजिनएक्स’ मोजक्याच प्रोसेसमधून हजारो जोडण्या हाताळतो. त्याच्या संकेतस्थळावरील माहितीनुसार 10 हजार निष्क्रिय जोडण्यांना सुमारे अडीच एमबी मेमरी पुरते. अर्थात, पीएचपीची भूक त्यामुळे कमी होत नाही. तिथेही प्रोसेसची मर्यादा हिशेबानेच ठरवावी लागते.

हा हिशेब संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्याआधी पडताळायचा, तर अपाचेसोबत मिळणारे ‘एबी’ हे साधन कामी येते. पण चाचणी दहा नोंदींच्या डेटाबेसवर घेतली, तर 60 एमबी लागणारी प्रोसेस 20 एमबीतच भागल्यासारखी दिसू शकते. चाचणीसाठीही लाखोंच्या नोंदीच हव्यात.