निकडीचा विक्रेता आणि खुल्या नोंदी

घराची किंमत जागेवरून ठरते, तशीच ती विक्रेत्याच्या निकडीवरूनही ठरते. अमेरिकेतील घर-गुंतवणूकदारांचे विपणन या निकडीच्या शोधावर उभे आहे. थकलेला मालमत्ता-कर, गहाणजप्तीची सूचना, मृताच्या मिळकतीचे न्यायालयीन प्रकरण, या नोंदी तेथे बहुधा सर्वांस खुल्या असतात. त्यांवरून याद्या करून मालकांस रोख खरेदीची पत्रे धाडली जातात. त्वरित पैशाच्या मोबदल्यात विक्रेता कमी किंमत पत्करतो. परंतु खरेदीदारास विक्रेत्याची अडचण ठाऊक असते. विक्रेत्यास मात्र घराचे खरे मोल पुष्कळदा ठाऊक नसते. ही विषमता जाणूनच कॅलिफोर्नियाने १९७९ साली कायदा केला व जप्तीच्या छायेतील घरमालकास असा करार सर्वसाधारणपणे ५ कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा हक्क दिला. मुदत अल्प खरी. तथापि दुसरा भाव विचारण्यास ती पुरेशी ठरू शकते.