कुंभाराची माती व शेतकऱ्याचें हित

ज्यास माती कळते तोच खरा शेतकरी, असें आपण अभिमानानें म्हणतों, व तें खोटें नाहीं. कारंजा (घाडगे) भागांतील कोणाही जाणत्या शेतकऱ्यास काळी, मोरंड, खरडी व बरडी ह्या जमिनी नुसत्या पाहून ओळखतां येतात; कोणत्या तुकड्यांत कपाशी साधेल व कोणत्यांत संत्र्याचें झाड धरेल, हें तो सहज सांगेल. परंतु त्याच शिवारांत मडक्याची माती कोठें आहे असें विचारल्यास बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. ती ओळखणें हें कुंभाराचें काम, अशी आपली समजूत. गांवोगांव कुंभाराचें चाक फिरत होतें तोंवर ही समजूत निभावली. आतां तलावांतील गाळ यंत्रांनीं उपसून शेतांत नेला जात असतां तीच समजूत कुंभारास व आपणांसही नडणारी आहे. म्हणून ह्या मातीची थोडी ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काळी जमीन चिकट, तेव्हां तिचीं मडकीं उत्तम होतील, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. आपली काळी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यांतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो व वाळतांना आक्रसतो. वैशाखांत शेतास पडणाऱ्या भेगा हा त्याचा रोकडा पुरावा होय. जी माती शेतांत भेगाळते ती मडक्यांतही भेगाळणारच. शिवाय तिच्यांत चुनखडीचे खडे असतात. आव्याची उष्णता ८०० अंशांच्या पलीकडे गेली म्हणजे ह्या खड्यांचा कळीचा चुना होतो. पुढें तो हवेंतील ओलावा शोषून फुगतो व मडक्याचा टवका उडवितो. मुगाएवढा खडाही चांगली घागर फुकट घालवूं शकतो.

मग मडक्याची माती कोठें शोधावी? जेथें वाहतें पाणी थकतें तेथें. पाण्याचा वेग मंदावतांच प्रथम जाड रेती खालीं बसते, मग बारीक रेती, व सर्वांच्या शेवटीं चिकणमाती. वर्धा जिल्ह्याच्या ह्या उत्तर भागांत टेकड्यांवरून येणारे नाले वेगानें धांवतात. त्यांच्या वरच्या पात्रांत मुरूम व वाळू ह्यांशिवाय कांहीं मिळत नाहीं. परंतु सपाटीवर आल्यावर नाल्याचें जुनें सोडलेलें पात्र, डोहाचा संथ कांठ, किंवा तलावांत पाणी शिरतें त्या तोंडापासून दूर असलेला खोलगट भाग, ह्या ठिकाणीं कामाची माती साठते. तिच्यांत बारीक रेती आपोआप मिसळलेली असल्यानें ती निव्वळ काळीइतकी आक्रसत नाहीं. चैत्र-वैशाखांत पाणी आटल्यावर वरचा वीतभर पालापाचोळ्याचा थर काढून टाकावा व खालची माती पाहावी.

तिची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. ओली माती मळून करंगळीएवढी वळी करावी व बोटाभोंवतीं गुंडाळावी. न चिरतां वळली तर चिकटपणा पुरेसा आहे. कांचेच्या पेल्यांत थोडी माती पाण्यांत ढवळून ठेवावी. तळाशीं रेती किती व वर चिकण किती, हें डोळ्यांनीं दिसेल. कोरड्या मातीच्या पुडीवर लिंबाचा रस पिळावा. फसफसल्यास चुना आहे असें समजावें. शेवटीं मातीची पट्टी करून तिच्यावर १० सेंटीमीटरांची रेघ मारावी व पट्टी सावलींत वाळवावी. रेघ एक सेंटीमीटरापेक्षां अधिक आटली, तर त्या मातींत रेती मिसळल्यावांचून गत्यंतर नाहीं.

पसंत पडलेली माती आधीं खडखडीत वाळवावी. अर्धवट ओलें ढेकूळ पाण्यांत लवकर विरघळत नाहीं. पूर्ण वाळलेलें मात्र पाणी लागतांच आपोआप फुटतें. मग ती कालवून कापडांतून गाळावी म्हणजे खडे व मुळ्या वेगळ्या होतात. वरचें निवळ पाणी ओतून देऊन गाळलेला चिखल कापडावर पसरावा, घट्ट झाल्यावर त्यांत बारीक रेती, राख किंवा लीद मिसळून तुडवावा, व ओल्या पोत्याखालीं कांहीं दिवस मुरूं द्यावा. लीद आव्यांत जळून जाते व मडक्यांत सूक्ष्म छिद्रें ठेवते. त्यांतूनच पाणी झिरपून वाफ होतें व आंतलें पाणी गार राहतें.

घडविलेलें मडकें सावलींत वाळवून मगच आव्यांत रचावें, व आरंभीं आंच मंद ठेवावी. ओल राहिल्यास तिची वाफ होऊन मडकें फुटतें. सुमारें ६०० अंशांवर मातीच्या अंगचें पाणी कायमचें निघून जातें व ती पुन्हा चिखल होत नाहीं. मोकळी हवा मिळाल्यास मातींतील लोहामुळें मडकें लाल होतें, व धूर कोंडल्यास काळें. पवनार येथें १९६७ सालीं झालेल्या उत्खननांत प्राचीन काळचीं खापरें निघालीं. माती व अग्नि ह्यांचा हा व्यवहार आपल्या जिल्ह्यांत किती जुना आहे, हें त्यावरून कळतें.

कुंभार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. शेतकऱ्यानें खळ्यावर धान्य द्यावें, कुंभारानें वर्षभर गाडगीं-मडकीं पुरवावीं, असा तो संबंध होता. त्याची माती गांवच्या तलावांतली, व आव्याचें जळण आपल्या शेतांतली पऱ्हाटी व तुराटी आणि गोठ्यांतल्या गोवऱ्या. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें श्री. कुमारप्पा ह्यांच्या नेतृत्वाखालीं गांवच्या धंद्यांची जोपासना चालविली, आणि १९५५ सालीं भद्रावती येथें स्थापन झालेल्या ग्रामोदय संघानें कुंभारकामास वाहून घेतलें. दोन्ही ठिकाणें आपल्यापासून फार दूर नाहींत.

आतां मुख्य प्रश्न. शासनानें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली व २०२३ सालीं तिला पुन्हा चालना दिली. योजना हिताची आहे. बरडी-खरडीस गाळासारखें दुसरें खत नाहीं. परंतु यंत्र थर ओळखत नाहीं. वर्षानुवर्षें बसलेला चिकणमातीचा थर तें एका दिवसांत गाळाबरोबर उचलतें. त्यांत तिहेरी नुकसान आहे. एक तर कुंभाराचें भांडवल जातें. दुसरें, तोच चिकण थर तलावाचें पाणी धरून ठेवतो. तो मुरमापर्यंत खरवडला कीं साठवणीचा तलाव झिरपूं लागतो. तिसरें, आधींच भारी असलेल्या काळींत ही माती टाकल्यानें निचरा मात्र बिघडतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, वरचा भुसभुशीत गाळ हलक्या जमिनींस न्यावा; खालचा चिकण थर राखावा, व त्यांतून कुंभारास लागेल तेवढीच माती वरवर, एका ठरलेल्या जागीं काढूं द्यावी. ही जागा पाळीच्या पायथ्यापासून दूर असावी, नाहींतर पाळीस धोका पोंचेल. ह्यांत केवळ परोपकार नाहीं. संत्र्याच्या नव्या कलमाशेजारीं कच्चें-भाजकें मडकें मानेपर्यंत पुरून पाण्यानें भरून ठेवल्यास पाणी मुळांशीं थेंबाथेंबानें झिरपतें, व उन्हाळ्यांत तेवढ्याच पाण्यावर अधिक कलमें जगतात. असें झिरपणारें मडकें गांवच्या आव्यांतच स्वस्त मिळेल.

येत्या चैत्रांत तलावावर यंत्र येण्यापूर्वीं चार जमीनदारांनीं गांवच्या कुंभारास सोबत घेऊन तलाव पायीं फिरावा. तो दाखवील तेथें खुंट्या ठोकाव्या, ग्रामसभेंत तसा ठराव मांडावा, व तलाव सरकारी असल्यास अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घ्यावी. एका सकाळचें हें काम आहे. तेवढें न केल्यास जो थर बसण्यास अनेक पावसाळे लागले तो एका दिवसांत जाईल, आणि मग मडकें व तलावाचें पाणी दोन्ही परगांवाहून आणण्याची पाळी आपणांवर येईल.