गुडघ्याचे इंजेक्शन घेण्यापूर्वी

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत ज्याने तीस वर्षे मांडी घालून कापडाची थाने उलगडली, त्याला गुडघ्याच्या वाटीचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. जिना चढताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे तीनपट भार येतो, उकिडवे बसताना त्याहूनही जास्त. वाटीमागची कूर्चा झिजली की गादीवरून उठताना हात टेकावा लागतो. अशा गिऱ्हाइकासाठी बाजारात आता पुष्कळ माल आला आहे. कोणी रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन सांगतो, कोणी मूळपेशी, कोणी जडीबुटीच्या गोळ्या. हजारो रुपये मोजण्यापूर्वी या मालाची पारख कशी झाली, हे आम्हा व्यापाऱ्यांनी तरी विचारलेच पाहिजे.

रंग पक्का आहे असे दलाल सांगतो, तरी आम्ही तुकडा धुऊन पाहतो. औषधाची चाचणी याहून कडक असते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला जुने औषध किंवा नुसते खारे पाणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही शेवटपर्यंत कळू देत नाहीत. एवढा खटाटोप कशाला? ऑस्ट्रेलियात २८८ गुडघेदुखीच्या रुग्णांवर प्लेटलेट्सच्या इंजेक्शनची अशी चाचणी झाली, २०२१ साली निकाल आला. वर्षभराने दुखणे कमी झाले होते, पण खारे पाणी घेतलेल्यांचेही जवळजवळ तेवढेच. दुकानदाराने गिऱ्हाइकाला बरे वाटल्याचा दाखला द्यावा, तर तो दोन्हीकडून मिळाला असता!

आपल्या मुलखातलेही उदाहरण आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी केली. निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. गुळवेल, सुंठ, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांची औषधे ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीची ठरली. आयुर्वेदाची अशी कसोटी लावणे मोठे काम होते. मात्र त्यात रिकाम्या गोळीचा गट नव्हता, आणि अमेरिकेत २००६ साली १,५८३ रुग्णांच्या चाचणीत ग्लुकोसामाइन एकूणात रिकाम्या गोळीहून सरस ठरले नव्हते. बरोबरी कोणाशी झाली, हेही पाहावे लागते. शिवाय काही रुग्णांच्या रक्ततपासणीत यकृताचा एक आकडा वाढला. औषध थांबवल्यावर तो उतरला. जडीबुटी म्हणजे निर्धोक, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या चाचण्या अख्ख्या गुडघ्याच्या होत्या. एकट्या वाटीवरच्या चाचण्या फार थोड्या. तेव्हा कोणी म्हणाला, ‘नवीन उपचार आहे, चाचणी चालू आहे, भरती व्हा,’ तर पहिला सवाल पैशाचा करावा. चाचणीचे औषध विकले जात असेल तर तिथेच शंका घ्यावी. दुसरा सवाल नोंदणी क्रमांकाचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीत नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी आणि हुंडीच्या कागदासारखी जपून ठेवावी.