शेतमालाचा भाव आणि शरद जोशी

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या घरात कांदा महागला म्हणजे त्याची वार्ता स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत तत्काळ पोहोचते. तोच कांदा मातीमोल झाला, तर मात्र शहरात त्याची दखल फारसे कोणी घेत नाही. लासूर वा वैजापूरच्या बाजारात माल उतरवून जवळजवळ रित्या हाताने परतणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख शहराच्या वेशीबाहेरच राहते. हे दुःख दैवाचे नसून हिशेबाचे आहे, असे ज्यांनी महाराष्ट्राला ठासून सांगितले, ते शरद अनंतराव जोशी होत.

जोशी यांचा जन्म 3 सप्टेंबर 1935 रोजी सातारा येथे झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेतले, काही काळ अध्यापन केले आणि 1958 मध्ये ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले. दहा वर्षांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात त्यांची नेमणूक झाली. भरपूर वेतन, सुखाचे घर आणि निश्चित भविष्य असे सारे काही त्यांस लाभले होते. ते सोडून ते स्वदेशी परतले व पुणे जिल्ह्यात चाकणजवळील आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले.

शेतकऱ्याचे दारिद्र्य अज्ञानातून वा आळसातून येते, अशी सुशिक्षितांची समजूत असे. उत्पादन वाढले की दैन्य आपोआप हटेल, हा त्यावरील सर्वमान्य उपाय होता. जोशी यांनी बियाणे, खत, मजुरी, पाणी व स्वतःचे श्रम यांचा जमाखर्च मांडला, तेव्हा त्यांस निराळेच सत्य दिसले. पिकाला मिळणारा दामच उत्पादनखर्चाहून कमी असेल, तर अधिक पिकविणे म्हणजे तोटाच अधिक वाढविणे होय. त्यांच्या विचाराचा सारा डोलारा या एका साध्या हिशेबावर उभा आहे.

कांद्याचे उदाहरण घेतले असता हे स्पष्ट होते. कांदा नाशवंत आहे, आणि तो चाळीत साठवून भाववाढीची वाट पाहण्याइतका धीर कर्जबाजारी शेतकऱ्यास परवडत नाही. सुगीत सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो व भाव कोसळतो. पुढे टंचाईमुळे भाव चढू लागला, तर शहरी ग्राहकाच्या हितासाठी सरकार निर्यात रोखते. अशा रीतीने उतरत्या भावाचा तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो, परंतु चढत्या भावाचा लाभ त्यास मिळत नाही.

1979 मध्ये जोशी यांनी शेतकरी संघटना स्थापन केली. 1980 च्या आरंभी चाकणला कांद्याचे आंदोलन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात कांद्यास रास्त भाव व उसास टनामागे 300 रुपये मिळावेत म्हणून हजारो शेतकरी रस्त्यावर व रेल्वेमार्गावर उतरले. 1981 मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक उठले. या लढ्यांत शेतकऱ्यांना गोळीबारात प्राणही गमवावे लागले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या काळी गावोगाव पोहोचली.

शेतमालाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी एकत्र येणे ही केवळ भारतातील घटना नव्हे. परदेशी धान्याने भाव उतरले, तेव्हा जर्मनीत 1893 साली शेतकऱ्यांचा एक बलाढ्य संघ निर्माण झाला. परंतु त्याची सूत्रे मोठ्या जमीनदारांच्या हाती होती व आयात धान्यावर जबर जकात बसवावी, ही त्याची मुख्य मागणी होती. जोशी यांनीही आरंभी शासनाकडे भाव मागितला. पुढे मात्र त्यांचा रोख बदलला. शासनाने संरक्षण देण्यापेक्षा बाजारातील आपला हात काढून घ्यावा आणि शेतकऱ्यास व्यापाराचे व तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्यावे, असे ते म्हणू लागले.

या मतास विरोधही पुष्कळ झाला. ज्याच्यापाशी विकण्याजोगे पीकच नाही, त्या भूमिहीन मजुरास भाववाढीचा काय लाभ, असा प्रश्न टीकाकारांनी केला. शेती फायद्यात आल्यावाचून मजुरी वाढणार नाही, हे जोशी यांचे उत्तर होते. ते सर्वांना पटले असे नाही. मात्र घरातील विषमतेकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. 1986 मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन पुरुषांस करण्यात आले.

1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकीत त्यास मोठे यश लाभले नाही. 2004 ते 2010 या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. 12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर 2023 मध्ये, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात पुन्हा बंद केली व ती मे 2024 मध्ये खुली झाली. त्या महिन्यांत शहरातील गृहिणीस कांदा स्वस्त मिळाला असेल. परंतु त्या स्वस्ताईची किंमत लासूर-वैजापूरच्या बाजारात कोणी चुकती केली, हा जोशी यांचा प्रश्न अद्याप उत्तराची वाट पाहत आहे.