ओरखडा लग्नावर नसतो!

डिंभे, शिनोली, घोडेगाव या पट्ट्यात अजूनही कितीतरी घरांत कपाटावर एक डबा सापडतो. आत भावकीतल्या लग्नांच्या सीड्या, यात्रेच्या हंगामात घेतलेली एखाद्या वगनाट्याची व्हीसीडी. लावावी, तर नेमकी मंगलाष्टकांतच अडकते आणि पडद्यावर चौकोनी ठोकळे नाचू लागतात. ‘चरे पडलेत, गेली कामातून,’ म्हणून आपण ती टाकायला निघतो. जरा थांबा! जिथे चरे पडलेत, तिथे लग्न नाहीच मुळी.

मग आहे कुठे? सीडीची जाडी १.२ मिलिमीटर आणि ती जवळजवळ सगळी पारदर्शक प्लास्टिकची. माहिती असते या प्लास्टिकच्या पार पलीकडे, छापील बाजूच्या लगेच खाली. कारखान्यात छापलेल्या सीडीत सूक्ष्म खड्डे असतात. लग्नाचं शूटिंग राइट करून दिलेल्या सीडीत रंगद्रव्याच्या थरावर लेझरनं उमटवलेल्या खुणा. सगळ्या एकाच वेटोळ्यात, आतून बाहेर, आणि शेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन. पूर्ण भरलेल्या सीडीतलं हे वेटोळं उलगडलं तर ५ किलोमीटरच्या वर जाईल!

आता लेझरची करामत बघा. प्लास्टिकमध्ये शिरताना त्याचा झोत सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो. खुणांपाशी पोचेपर्यंत तो आवळत दीड-दोन मायक्रॉनवर येतो. केसाइतका चरा वाटेत आला तरी झोताचा जेमतेम दहावा हिस्सा अडतो. भीमाशंकरच्या एसटीतून डिंभे धरणाचं पाणी न्याहाळताना खिडकीच्या काचेवरचे ओरखडे कुठे दिसतात आपल्याला? तसंच हे.

चरा मोठा असला तर? तर गणित धावून येतं. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली एक युक्ती मांडली: माहितीसोबत थोडी जादा माहिती अशी गुंफायची, की हरवलेले आकडे उरलेल्यांवरून काढता यावेत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीनं तीच उचलली. वर सलग माहिती मुद्दाम विखरून लिहिली, म्हणजे एका चऱ्यानं कुणा एकाचं सगळं जाऊ नये. त्यामुळे वेटोळ्यावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा वाचताच आला नाही, तरी प्लेअर तो अचूक भरून काढतो! १९८६ साली व्हॉयेजर-२ नं युरेनसची छायाचित्रं पाठवली, तीही याच गणिताच्या भरवशावर. भाजीच्या गाडीवरचा कोपरा फाटलेला क्यूआर कोड पैसे घेतो, तोही त्याच्याच जोरावर.

आता दुरुस्ती कशी करायची, ते आपोआप कळतं. आधी सीडी साबणाच्या पाण्यानं धुवा. मऊ सुती कापडानं पुसा, पण गोल फिरवून नव्हे; मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. आडवा चरा प्रत्येक फेरीला क्षणभरच छेदतो, गोलाकार चरा मात्र एकाच फेरीची लांबच लांब माहिती झाकतो. तरीही अडकली, तर साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) चऱ्यावर तशीच हलक्या हातानं घासा. तिच्यातली बारीक पूड चऱ्याच्या धारदार कडा झिजवते. प्रकाश सैरावैरा न जाता सरळ आत जातो. मग धुऊन, कोरडी करून लावून बघा.

खरी नाजूक बाजू मात्र चित्राची! तिथे चकाकत्या थरावर फक्त वार्निशचा पातळ पापुद्रा असतो. सीडी दिव्यासमोर धरा. आरपार उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथली माहितीच खरवडली गेलीय. तिथे टूथपेस्ट काही करू शकत नाही.

आणि सीडी एकदा सुरळीत चालली, की तिला परत डब्यात टाकू नका. त्याच दिवशी पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर अशा दोन ठिकाणी उतरवून घ्या. घरी राइट केलेल्या सीडीतलं रंगद्रव्य काळानं फिकं पडतं, आणि ते घासून परत येत नाही.